भिंगारात मी गिळलेल्या शिव्या

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. तरी ऐका. एके काळी भिंगारच्या बाजारात जागेच्या भावावरून चांगली चांगली माणसं एकमेकांच्या उरावर बसणार होती. ते सगळं ज्याने थांबवलं, तो मी. दिसायला मी एवढासा, चपटा, डब्यासारखा. पुढे लाल दिव्यांची रांग, मागे दोन शेपट्या. एक फोनच्या तारेला, एक कॉम्प्युटरला. पण आकारावर जाऊ नका.

तुमचं इंटरनेट आता हवेतून येतं, गुपचूप. आमच्या काळी ते फोनच्या तारेतून यायचं आणि त्याला बोलावून आणायचं काम माझं असायचं. मी पलीकडच्या मशीनला हाक मारायचो. किर्र, खर्र, टुंई. तिकडून ओ यायची. मग आमची ओळखपाळख व्हायची, ख्यालीखुशाली व्हायची आणि मग कुठे पान उघडायचं. तेही वरून खाली, पडदा सोडल्यासारखं, सावकाश.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या मी असा ओरडलो, की शेजारच्या कारखान्यातले कामगार जेवणाची सुट्टी झाली समजून डबे उघडून बसले. तिथून बोटीने मुंबईत आलो आणि मुंबईहून एसटीने भिंगारला. भिंगारच्या बाजारात काकासाहेबांचा एसटीडी बूथ होता, आणि बूथच्या मागेच त्यांचं घर. बूथ चांगला चालायचा, पण काकासाहेबांना नव्याचा सोस. त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि मला शालीत गुंडाळून मांडीवर ठेवून गावी आणलं. कंडक्टरने शालीकडे बघितलं आणि माझं अर्धं तिकीट फाडलं. काकासाहेबांनीही ते निमूट घेतलं. हसू नका. ते तिकीट असतं तर दाखवलं असतं.

मला पहिल्यांदा जोडलं, त्या दिवशी लष्कराच्या कॅम्पाच्या पलीकडे माळावर रणगाड्यांचा सराव चालला होता. माझी किंकाळी ऐकून सगळ्यांत पुढचा रणगाडा जागीच थांबला, वळला आणि निघून गेला. लष्कराने हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे विचारायला जाऊ नका.

मित्रांनो, ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. साल नव्याण्णव. पोरांचे बारावीचे निकाल माझ्यातून आले. सरहद्दीवरच्या जवानांच्या बायका पत्र पाठवायला यायच्या आणि पाठवून झाल्यावर हळूच मला हात लावायच्या. काकासाहेबांच्या पत्नी मालनबाई रोज मऊ फडक्याने माझी धूळ पुसायच्या. दसऱ्याला मला झेंडूचं फूल मिळायचं. एकूण माझं बरं चाललं होतं.

मग तो कट्टा आला.

पुण्याला शिकणाऱ्या चेतन नावाच्या नगरच्याच एका मुलाने इंटरनेटवर 'कट्टा' नावाचं पान उघडलं. तिथे कुणीही यावं, वाटेल ते टोपणनाव घ्यावं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं. लोक कांद्यावर लिहायचे, बसच्या वेळांवर लिहायचे. पण फिरून फिरून गाडी यायची जागेवर आणि मंदीवर. प्लॉटचा भाव चढणार का पडणार, घर आत्ता घ्यावं का थांबावं. त्या वेळी रस्त्यालगतच्या वावरांत प्लॉट पाडल्याचे चुना मारलेले दगड दिसायला लागले होते, आणि प्रत्येक दगडामागे एक मत होतं.

कट्ट्यावर दोन नावं गाजत होती. एक 'भूमिपुत्र', दुसरा 'अर्थतज्ज्ञ'. गंमत म्हणजे हे दोघेही भिंगारचेच, आणि दोघेही आमच्याच खुर्चीत बसून लिहायचे. भूमिपुत्र म्हणजे कचरूशेठ, प्लॉटचे एजंट. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यांतलं एक चालणारं. ते दुपार कलल्यावर यायचे. अर्थतज्ज्ञ म्हणजे अमृतराव, बँकेत कारकून. ते गुलाबी कागदाचं पैशाअडक्याचं वर्तमानपत्र काखेत मारून बँक सुटल्यावर यायचे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. सकाळी मात्र दोघे बाजारात एकाच टपरीवर अर्धा अर्धा चहा घ्यायचे. कचरूशेठ सांगायचे, इंटरनेटवर एक महामूर्ख भेटलाय. अमृतराव म्हणायचे, माझ्याही वाट्याला एक आलाय. दोघे एकमेकांची कीव करायचे आणि चहाचे पैसे देण्यासाठी भांडायचे.

सुरुवातीला कट्ट्यावरही रीतीने चाललं होतं. भूमिपुत्र लिहायचा, माणसं वाढतात पण जमीन वाढत नाही, तेव्हा भाव वरच जाणार. अर्थतज्ज्ञ लिहायचा, मोठ्या शहरांत भाव उतरलेत, कारखान्यांची कामं थंडावलीत, इथेही उतरतील. दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं. मग एकदा भूमिपुत्राने अर्थतज्ज्ञाला भाड्याच्या खोलीतला शहाणा म्हटलं. अर्थतज्ज्ञाने त्याला दगड विकणारा म्हटलं. तिथून ते एकमेकांच्या बापावर गेले, आणि आठवडाभरात आजोबांवर.

आणि इथे मी कामाला लागलो. मला चव कळायची, मित्रांनो. चांगला शब्द माझ्यातून साखरेच्या पाण्यासारखा जायचा. शिवी आली की घशात काटा अडकायचा. मी काय करायचो? श्वास कोंडायचो, दिवे विझवायचो आणि लाइन तोडून टाकायचो. पाठवलेलं सगळं गडप. पडद्यावर कोरं पान. एका बोटाने टाइप केलेली अर्ध्या तासाची शिवीगाळ मी अशी गिळायचो आणि ढेकरसुद्धा द्यायचो नाही.

काकासाहेब हैराण झाले. त्यांनी टेलिफोनच्या लाइनमनला बोलावलं. तो खांबावर चढला, कावळ्याचं घरटं बघून उतरला आणि म्हणाला, लाइन ठणठणीत हाय. काकासाहेबांनी त्याला चहा पाजला आणि पुन्हा बोलावलं. तो पुन्हा चढला. कावळ्याशी त्याची ओळख झाली, पण दोष काही सापडला नाही. कसा सापडणार? दोष नव्हताच. शिस्त होती.

अर्थात माझ्या हातून काही शिव्या निसटायच्याच, आणि तेवढ्याही कट्टा नासवायला पुरेशा होत्या. त्याची खरी झळ बसली मच्छिंद्रभाऊंना.

मच्छिंद्रभाऊ कॅम्पात सुतार होते. नोकरी संपत आली होती आणि नोकरी संपली की सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायलाही मनाई. जन्मभर साहेबांच्या बंगल्यात खिळे ठोकलेल्या माणसाच्या घरी बाबासाहेबांची तसबीर पेटीवर टेकवून ठेवलेली होती. बनाबाईंचं, म्हणजे त्यांच्या कारभारणीचं, एवढंच म्हणणं होतं, की आता जिथं जाऊ तिथून कुणी ऊठ म्हणू नये. फंडाचा पैसा एकदाच हातात येणार होता. चुकलं तर पुन्हा संधी नव्हती.

त्यांनी काकासाहेबांकडून कट्ट्यावर प्रश्न लिहून घेतला. फंडाच्या पैशात प्लॉट घेऊ, तयार खोली घेऊ, का भाड्याने राहू? जाणकारांनी सांगावं. खाली सही, 'एक सुतार'.

भूमिपुत्राने लिहिलं, घ्या, डोळे मिटून घ्या, त्या कारकुनी डोक्याच्या अर्थतज्ज्ञाचं ऐकू नका. अर्थतज्ज्ञाने लिहिलं, थांबा, दलालांच्या नादी लागू नका. पुढे सुतार राहिला बाजूला आणि दोघे पुन्हा एकमेकांवर घसरले. मच्छिंद्रभाऊ रोज ड्यूटी संपवून यायचे, दाराजवळच्या बाकावर बसायचे आणि आज काय आलंय विचारायचे. काकासाहेब पडद्यावर वाचत वाचत मध्येच खोकायचे. एकदा ते म्हणाले, "आज तुमचं काही नाही, मच्छिंद्रभाऊ. आज त्यांच्या आजोबांचं चाललंय."

मच्छिंद्रभाऊ म्हणाले, "चालू द्या. आजोबांचं झालं की आमचं घेतील."

पण त्यांच्याकडे वेळ नव्हता. नाल्यापलीकडचा एक प्लॉट त्यांना कुणीतरी दाखवला होता. जागा स्वस्त होती, आणि रविवारी इसाराची आगाऊ रक्कम द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं सांगून ठेवलं होतं. मच्छिंद्रभाऊंना रंधा कळत होता, लाकडाची नस कळत होती, पण जमिनीचे कागद कळत नव्हते. ज्यांना कळत होते ते आजोबांत अडकले होते.

शनिवार उजाडला. दुपार कलली तसे कचरूशेठ आले. आदल्या दिवशी अर्थतज्ज्ञाने त्यांना ठग म्हटलं होतं. ते चिडूनच बसले आणि बोट आपटायला लागले. अर्थतज्ज्ञाला हाणून झाल्यावर त्यांनी सुतारालाही घेतलं. लिहिलं, हा सुतार तरी कोण लागून गेला, जन्मभर सरकारी छपराखाली फुकट राहायचं आणि आता आम्हाला अक्कल विचारायची. त्यांनी पाठवायचं बटण दाबलं.

मी दिवे विझवले.

कोरं पान. कचरूशेठ कॉम्प्युटरच्या खानदानाला काहीबाही बोलले आणि काकासाहेबांना पुन्हा जोडायला सांगितलं. मी उठलो नाही. काकासाहेबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, शेपटी काढून घातली, फुंकर घातली. मी हूं की चूं केलं नाही. तोवर मच्छिंद्रभाऊ येऊन बाकावर बसले होते. कपड्यांना भुसा, हातात टोपी. वाट बघून बघून त्यांनी हळूच विचारलं, "कचरूशेठ, तुमचं झालं आसंल तर त्या सुताराला काय उत्तर आलंय का बगता का? उद्या इसार द्यायचाय."

कचरूशेठ मागे वळले. "त्या सुताराशी तुमचं काय?"

"त्यो सुतार मीच की."

कचरूशेठच्या स्वतःच्या घराच्या चौकटी मच्छिंद्रभाऊंनी बसवल्या होत्या. ते एकदा बाकाकडे बघत, एकदा पडद्याकडे. पडद्यावर मजकूर नव्हता, पण वरच्या चौकोनात 'भूमिपुत्र' हे नाव तेवढं शिल्लक होतं. आणि नेमके त्याच वेळी गुलाबी वर्तमानपत्र काखेत घेऊन अमृतराव आत आले. त्यांनी ते नाव वाचलं, मग खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं.

"म्हणजे तो तुम्ही?"

कचरूशेठ म्हणाले, "आन् तो तुमी?"

सकाळीच दोघांनी अर्धा अर्धा चहा घेतला होता. अमृतरावांच्या काखेतलं वर्तमानपत्र खाली पडलं, ते कुणी उचललं नाही. मालनबाई आतून चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चहा घ्या आदी. आजोबास्नी जरा इसावा द्या."

पहिल्यांदा हसले ते मच्छिंद्रभाऊ. मग दोघांनाही हसावं लागलं. कचरूशेठ खुर्ची सोडून बाकावर येऊन बसले, अमृतराव पलीकडे बसले, मच्छिंद्रभाऊ मधे. प्लॉट कुठे म्हणून विचारलं, तसे कचरूशेठ कप ठेवून ताठ झाले. नाल्यापलीकडची ती जमीन अजून शेतीचीच होती. घर बांधायला लागतो तो सरकारी शिक्का तिला मिळालेलाच नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं, "भाऊ, तिथं येक वीट लावू देणार न्हाईत. इसार देऊ नका." हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. प्लॉट कुठला, हे विचारायला मात्र त्यांना सवड झाली नव्हती.

मग अमृतरावांनी फंडाचं गणित समजावलं. थोडे दिवस भाड्याने राहा, पैसा बँकेत ठेवा, बाजार मंद आहे तेव्हा घाई तुम्हाला नाही, विकणाऱ्याला आहे. कचरूशेठ त्यावर भांडले. हात हलवून, आवाज चढवून भांडले, एजंट माणसाला हे ऐकवणारच नव्हतं. पण अमृतराव म्हणायचे आणि कचरूशेठ ऐकून घ्यायचे, कचरूशेठ म्हणायचे आणि अमृतराव मान डोलावून 'पण' म्हणायचे. मधे मच्छिंद्रभाऊ बसलेले असल्यामुळे कुणाचे आजोबा निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एक उत्तर गेलं. खाली सही होती 'भूमिपुत्र आणि अर्थतज्ज्ञ', आणि शेवटी एक सूचना. इथे लिहिताना ज्याला लिहितो तो शेजारच्या बाकावर बसलाय असं समजून लिहावं. चेतनने ती पानाच्या माथ्यावर चिकटवली. त्यानंतरही कट्ट्यावर भावावरून कडाक्याची भांडणं झाली. भूमिपुत्र आणि अर्थतज्ज्ञ यांचं तर शेवटपर्यंत पटलं नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळायचं. वर्षभराने मच्छिंद्रभाऊंनी शिक्का असलेला एक लहानसा प्लॉट घेतला. कागद कचरूशेठनी बघितले, कर्जाचं अमृतरावांनी. दारं मच्छिंद्रभाऊंनी स्वतः केली. बनाबाईंनी पेढे आणले, एक माझ्यासमोरही ठेवला. तो मी खाल्ला. खरंच खाल्ला.

पुढे जलद यंत्रं आली आणि माझी तार काढली. आता मी या फळीवर असतो. तक्रार नाही. सुट्टीत तुम्ही पोरं येता, माझे दिवे दाबून बघता, बरं वाटतं. म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या हातातल्या फोनवर तुम्हीही उद्या घरावर, भावावर, मंदीवर भांडाल. भांडा. पण तुमच्या त्या हवेतल्या इंटरनेटला माझ्यासारखा घसा नाही. ते काहीही न गिळता सगळं पोचवतं. तेव्हा पाठवण्याआधी क्षणभर स्वतःच श्वास कोंडा, जसा त्या शनिवारी मी माझ्या हिमतीवर, कुणाच्याही मदतीशिवाय...

"खोटारड्या," कॉटवर मेथी निवडत बसलेल्या मालनबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुला आमच्या घरचाच फोन नंबर जोडला हुता. आतल्या खोलीतला फोन उचलला की भाईर तुझे दिवे बंद. चांगलं लिवताना त्ये दोघं टकटक करायचे आन् शिवी लिवताना धाडधाड बटनं आपटायचे, मला सैपाकघरात ऐकू यायचं. धाडधाड सुरू झालं की मी उचलायची. त्या शनवारी तर उचलून पिठाच्या डब्यावरच ठिवला आन् चहा टाकला."