दोघींची वही

माझी बायको मिसाओ आणि तिची मैत्रीण कानाए, दोघींची मिळून एकच वही असायची. एक आठवडा ती आमच्या बेटावर, एक आठवडा पलीकडे शहरात कानाएकडे. मी बोटीवर तिकिटं फाडायचो, म्हणून नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे. गुरुवारी सकाळी मिसाओ वही रुमालात बांधून माझ्या हातात द्यायची आणि दर वेळी सांगायची, "पाण्याजवळ ठेवू नका." माझी नोकरीच बोटीवर, पाण्यापासून लांब कुठे ठेवणार? पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

दोघी शाळेपासूनच्या. कानाए लग्न होऊन शहरात गेली, मिसाओ बेटावरच राहिली. साठीला टेकल्यावर दोघींनी तिकडच्या समाजमंदिरात जलरंगाच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारे गृहस्थ पहिल्या दिवसापासून फुजी डोंगर काढायला लावायचे. कानाए त्यांना म्हणाली, "गुरुजी, मी तो डोंगर आयुष्यात एकदा पाहिला, तोही ढगात. मला माझ्या ओट्यावरचा मुळा काढायचाय." गुरुजींना ते आवडलं नाही. पुढच्या आठवड्यात दोघीही गेल्या नाहीत. त्याऐवजी कानाएने जाड कागद आणला, कापला, भोकं पाडून दोऱ्याने शिवला आणि माझ्या हाती मिसाओला पाठवला. पहिल्या पानावर मुळा होता.

मग तशी पद्धतच पडली. कागदाच्या पुढच्या बाजूला कानाएचं चित्र, त्याच कागदाच्या मागे मिसाओचं. खाली दोन-चार ओळी, त्या दिवशी मनात जे असेल ते. वाळत घातलेले ऑक्टोपस, संत्र्याच्या बागेतली शिडी, न्हाव्याच्या दुकानात डुलक्या घेणारा न्हावी, धुण्याची दोरी. समासात पेन्सिलने एकमेकींना टोमणे. "एवढी हिरवी पात? खाल्लीस तर मरशील." "तुझी मांजर आहे की भाताचं पोतं?"

मी बोटीवर वाचायचो. दोघींना ते माहीत होतं. एकदा कानाएने मलाच काढलं, तिकिटं फाडताना, पोट जरा जास्तच पुढे. खाली लिहिलं होतं, "भावजी, वाचताय ना? मग आधी बटण लावा." मी खरंच खाली पाहिलं.

मनातलं लिहावं ते कानाएनेच. तिचा नवरा गेला तेव्हा तिने दाराशी ठेवलेल्या त्याच्या चपला काढल्या. खाली ओळ होती, "उचलायच्या आहेत. उद्या उचलीन." पुढच्या पानावर पुन्हा त्याच चपला. त्याच्या पुढच्या पानावरही. मिसाओने मागे लिहिलं, "मी येऊन उचलू का?" त्याखाली कानाएची पेन्सिल, "नको. तू नुसती ये." मिसाओ त्या दिवशी माझ्याबरोबर बोटीवर चढली आणि दोन रात्री परत आली नाही.

भरलेल्या वह्या कानाएकडेच असायच्या. आमचं घर धक्क्याला लागून, कागदाला बुरशी धरते. तिच्या माडीवरचं कपाट कोरडं होतं.

दोन वर्षांपूर्वी, चेरीचा बहर ओसरता ओसरता, कानाएच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. ती दवाखान्यात दाखल झाल्यावर वही पोचवायचं काम मिसाओने माझ्याकडून काढून घेतलं. दर दोन-तीन दिवसांनी स्वतः जायची. परत येताना बोटीच्या मागच्या बाकावर बसायची आणि मी जवळ गेलो की म्हणायची, "आज नका विचारू."

तरी वहीवरून कळत होतं. आधी दवाखान्याचं ताट: "भात कसला, पेज आहे. पण वाटीवरची निळी नक्षी बघ." मग सलाइनची बाटली, खिडकीतून दिसणारी गाड्यांची छपरं. मग रंग पातळ होत गेले. कुंचला पाण्यात बुडवून नीट झटकायचीही ताकद राहिली नव्हती. शेवटी शेवटी पानावर नुसता एखादा डाग असायचा आणि खाली वाकडंतिकडं, "हे पेअरचं फळ आहे. विश्वास ठेव."

एके दिवशी मिसाओ म्हणाली, "तू सांग, मी तुझ्या बाजूला काढते."

कानाए म्हणाली, "माझ्या पानाला हात लावायचा नाही. मी बरी झाले की भरीन."

हे मला मिसाओने घरी येऊन सांगितलं. "तिला माहीतय हो बरी होणार नाही ते. तरी दटावते मला. शाळेत पण अशीच होती."

नोव्हेंबरात कानाए गेली. तिचा एकुलता एक मुलगा शुहेई ओसाकात नोकरीला, तो बायकोसह आलेला होता. भला मुलगा. आईला दर रविवारी फोन करायचा; पण तिकडे गेल्यापासून वर्षातून दोनदा यायचा, दोन दिवस राहायचा. आईच्या रोजच्या दिवसात काय काय असतं, ते त्याला कुठून कळणार?

अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी जागरणाला आम्ही गेलो तेव्हा फोटोशेजारच्या टेबलावर वह्या रचून ठेवलेल्या होत्या. मिसाओला बरं वाटलं. मला म्हणाली, "लोकांना बघायला ठेवल्यात. छान केलं शुहेईने." तिने एक उघडून पाहिली, पुन्हा सरळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी मंत्र झाले, उदबत्त्या झाल्या, शवपेटीचं झाकण काढलं. सगळ्यांनी फुलं ठेवायला सुरुवात केली. मिसाओने कानाएच्या गालाशी पांढरी शेवंती ठेवली. तेवढ्यात शुहेई दोन्ही हातांत वह्यांची चळत घेऊन आला.

"आईला यांचं फार वेड होतं," तो म्हणाला. "फोनवर सारखं, माझी वही, माझी वही. तिच्यासोबत देतोय."

मी मिसाओकडे पाहिलं. ती हलली नाही.

अंत्यविधीच्या व्यवस्थेतले गृहस्थ पुढे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, माफ करा. शिवलेल्या वह्या नीट जळत नाहीत. गठ्ठा तसाच राहतो, अस्थींना चिकटतो. पानं सुटी करून अंगावर पसरली तर चालतील."

शुहेई गोंधळला. पानं फाडायला त्याचा हात धजेना. एक वही उघडायचा, मिटायचा. मागे गाडी थांबलेली होती, माणसं घड्याळं बघत होती.

मी मिसाओच्या कानाशी लागलो. "सांग ना त्याला. यातलं निम्मं तुझं आहे."

"निम्मं कसं काढणार?" ती म्हणाली. "कागद एकच आहे."

"मग काही देऊ नकोस म्हणून सांग."

"आत्ता? तो आईला निरोप देतोय. मध्ये मी काय, माझी चित्रं परत दे म्हणू?"

"मी सांगतो."

"तुम्ही गप्प बसा." असं ती मला क्वचितच म्हणते. मग ती पुढे गेली आणि शुहेईला म्हणाली, "दे बाळा इकडे. फाडायचं नाही. तिची शिवण मला माहीतय. एक गाठ सोडली की सगळं सुटतं."

"मावशी, तुम्हाला त्रास..."

"कात्री बघ कुठे मिळते का."

कुणीतरी छोटी कात्री आणून दिली. मिसाओ टेबलाशी उभी राहिली आणि एकेक वही उलटी करून मागची गाठ कापू लागली. दोरा ओढला की पानं पत्त्यांसारखी सुटत होती. ती प्रत्येक चळत हाताने सारखी करायची आणि कानाएच्या अंगावर ठेवायची, छातीपासून पायांपर्यंत. कानाएची बाजू वर ठेवत होती. मला शिडी दिसली, न्हावी दिसला, चपला दिसल्या. तिची स्वतःची चित्रं सगळी खाली तोंड करून. लोकांनी त्यावर फुलं टाकली. शुहेई रडत होता, त्याची बायको मिसाओच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा आभार मानत होती. मिसाओचे डोळे कोरडे होते. शेवटची वही सोडून झाल्यावर तिने सगळे दोरे गोळा केले, बोटाला गुंडाळले आणि तेही आत ठेवले.

अस्थी वेचायला शुहेईने आम्हालाही बोलावलं. रीतीप्रमाणे मिसाओ आणि मी मिळून, दोघांच्या हातातल्या लांब काड्यांच्या चिमट्यात धरून, एक हाड उचललं आणि कलशात ठेवलं. त्यावर फिकट निळसर छटा होती. शुहेईचे एक काका म्हणाले, "फुलांमुळे येतो तसा रंग." बाहेर आल्यावर मात्र मिसाओला उभं राहवेना. मी तिला गाड्यांच्या मागे भिंतीशी नेलं. तिथे ती उकिडवी बसली आणि असा आवाज काढून रडली की मला आधी वाटलं, दुसरंच कोणीतरी रडतंय.

एक वही मात्र वाचली होती. कानाए गेली त्या दिवशी ती आमच्याकडे होती, दवाखान्यातली, अर्धी भरलेली. मिसाओने ती बुरशी नको म्हणून चहाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. रोज दुपारी काढायची, पानं उलटायची, पुन्हा ठेवायची. रंगाच्या पेटीला हात लावला नाही.

थंडी पडल्यावर, अस्थिकलश घराण्याच्या थडग्यात ठेवण्याचा विधी उरकून शुहेई एकटाच बोटीने आमच्याकडे आला. माझ्याच हातून तिकीट फाडून घेतलं आणि बोट लागल्यावर माझ्याबरोबरच निघाला. घरात येऊन चटईवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"मावशी, मला कळलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्या वह्या दोघींच्या होत्या म्हणून. मी एकही उलटून पाहिली नव्हती. आणि तुमच्याच हाताने..."

"उठ, चहा घे," मिसाओ म्हणाली. "तू प्रेमानेच केलंस ना? मग संपलं."

"मला का नाही अडवलंत?"

मिसाओने कप त्याच्याकडे सरकवला. मग तोच म्हणाला, "घर रिकामं करतोय. आईच्या हातचं काहीही सापडत नाही. एक सामानाची चिठ्ठीसुद्धा नाही. आता तिचं अक्षर आठवायचं तर..." आणि थांबला.

मिसाओ उठली, डबा आणला, वही त्याच्यापुढे ठेवली.

त्याने सावकाश पानं उलटली. ताट. गाड्यांची छपरं. मग एका पानावर तोच होता, दवाखान्याच्या खुर्चीत, तोंड उघडं टाकून झोपलेला, अंगावर कोट. खाली आईचं अक्षर: "ओसाकाहून आला, पाच मिनिटं बोलला आणि झोपला. किती दमतो हा. उठवू नका म्हणून नर्सला खुणेने सांगितलं. दोन तास बघत बसले." शुहेईने ते पान वाचलं आणि वही छातीशी धरून एवढ्या मोठ्या माणसाने लहान मुलासारखा हुंदका दिला.

"घेऊन जा," मिसाओ म्हणाली.

"नाही मावशी. हे तुमचं आहे."

"घेऊन जा म्हणते ना. पाण्याजवळ ठेवू नकोस."

तो गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. इतक्या वर्षांत क्वचितच चिडलो असेन. "सगळं देऊन बसलीस. निदान झेरॉक्स तरी काढून ठेवायची होती."

"झेरॉक्समध्ये रंगातलं पाणी दिसत नाही," ती म्हणाली. "आणि त्याच्याकडे आईचं काहीच नव्हतं हो. मी तरी तिला शेवटपर्यंत पाहिलंय."

त्यानंतर ती बरेच दिवस नीट जेवली नाही. मी काही बोलायला गेलो की म्हणायची, "डोकं दुखतंय." एकदा मी शहरातून चांगला कागद आणला. तिने तो हात लावून पाहिला, चांगला आहे म्हणाली आणि कपाटावर ठेवून दिला.

फेब्रुवारीत एका दुपारी मी घरी आलो तर ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली. समोर रंग, पाण्याचा पेला, तोच कागद. मला आनंद झाला. मी चुलीशी जाऊन मासा भाजायला ठेवला. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"अहो, तिचं ते मुळ्याचं चित्र. पात डावीकडे होती की उजवीकडे?"

मी आठवून पाहिलं. "डावीकडे. नाही, थांब. उजवीकडे असेल."

"मला माझी सगळी आठवतात," ती म्हणाली. "प्रत्येक आठवतंय. डोळे मिटले की दिसतं. तिचं एकही येत नाही. आलं तरी माझ्यासारखंच येतं." तिने मला कागद दाखवला. मुळे होते, सात-आठ, सगळे छान, सगळे मिसाओचे. "तिची रेघ थोडी थरथरायची ना, निरोगी होती तेव्हासुद्धा. मी मुद्दाम थरथरवली तर खोटीच दिसते. शुहेईकडे आहे ती आजारातली. ही आता कुठेच नाही हो. गाठी मीच कापल्या."

मी तिच्या शेजारी बसलो. तिचा रंगाने भरलेला हात धरला. ती टेबलावर डोकं टेकून रडत राहिली आणि मी तसाच बसून राहिलो. चुलीवरून वास यायला लागला तेव्हा तीच म्हणाली, "मासा बघा."

मी उठून मासा काढला. तिने नाक पुसलं, कागद बाजूला सारला, भात वाढला. आम्ही जेवलो. माशाची एक बाजू पार करपली होती, ती मी माझ्या ताटात घेतली.