पंधरा मिनिटांत न बसलेली शीव

फोन मांडणीवर वाटीला टेकवून ठेवला होता. तो थरथरला आणि वाटी किणकिणली. दुपारच्या शांततेत तेवढा आवाजही मोठा वाटला. माझ्या लेकीनं, गुड्डीनं कूस बदलली, पण उठली नाही. तिच्या पाठीवरचा हात अलगद काढून मी फोन घेतला.

जंगलातल्या गावचे दिनेशभाऊ होते, ग्रामसभेचे सचिव.

"शगुफ्ताबाई, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या वारलूआजाले बोलतं केलं होतं ना, ते पूर्ण पाहिजे."

"पाठवते ना भाऊ, पंधरा मिनिटांचा कार्यक्रम आहे."

"कार्यक्रम तं अख्ख्या गावानं ऐकला. पण त्यात शीव कुठी आहे? आजानं गावची सारी शीव सांगितली होती, मी बाजूलेच बसून होतो. बुधवारी वनहक्काच्या दाव्याची तपासणी आहे. साहेब इचारते, एवढं जंगल तुमच्याच वापरातलं कशावरून? म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालते म्हणे. पण आजाले दिवाळीत लकवा मारला, तोंडातून शब्द निघत नाई. तुमच्या मशीनमंदी आहे म्हणून आम्ही निवांत होतो."

मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आमच्या तालुक्याच्या गावात लहानसं रेडिओ केंद्र आहे. बाजारभाव, लसीकरण, लग्नातली गाणी आणि रविवारी एखाद्या गावाची आठवण. त्या आठवणी गोळा करायचं काम माझं. फोनवरच रेकॉर्ड करायचं आणि गुड्डी झोपली की फोनवरच कापून-जोडून पंधरा मिनिटांत बसवायचं.

वारलूआजा तासभर बोलले होते. बांबू फुलला त्या साली लोकांनी त्याचं बी शिजवून खाल्लं ते, पहिल्यांदा मत टाकायला गेले आणि कागद घडी करून खिशात घालून घरी घेऊन आले ते. या दोन गोष्टींच्या मध्येच डोळे मिटून त्यांनी शीव म्हणायला सुरुवात केली. मोठ्या येनाच्या झाडापासून नाल्याला, नाल्याहून काळ्या दगडाला, दगडाहून जुन्या बोडीला, म्हणजे तळ्याला... अर्धं गोंडीत, अर्धं आपल्या बोलीत, एकाच सुरात. आठ-नऊ मिनिटं तरी चाललं असेल. घरी ऐकताना मला वाटलं, नुसती झाडं नि दगड. लोक रेडिओ बंद करतील. गुड्डी चुळबुळत होती. मी तेवढा तुकडा काढला आणि दोन्ही टोकं अशी जोडली की कुणाला कळू नये. केंद्रात सगळ्यांनी शाबासकी दिली. मूळ रेकॉर्डिंग केंद्राच्या कम्प्युटरवर टाकायचं असतं. मी उद्या टाकते, उद्या टाकते म्हणत राहिले.

मंगळवारी सकाळी गुड्डीला घेऊन निघाले. गुड्डीचे अब्बा, वाजिद म्हणाले, "फोनवरच सांगून टाक ना, जाऊन-येऊन चार तास बसमध्ये कशाला?" पण असं फोनवर सांगता येत नाही.

आजा अंगणात खाटेवर पडले होते. कलाबाई, त्यांची बायको, जवळच चिंचा फोडत होती. दिनेशभाऊ वही घेऊनच बसले होते.

"आणलं का वो बाई?"

"नाही भाऊ. तेवढं मी कापलं होतं."

"कापलं म्हणजे? वाळूक आहे का ते कापाले?"

"वाटलं, ऐकणारे कंटाळतील. मूळही राहिलं नाही आता."

दिनेशभाऊंनी वही मिटली. हसली ती कलाबाई. "कंटाळवाणं तं होतंच. शिवेची पूजा आली का हा बुढा आंघोळ करतानाही तेच म्हणे."

"मग तुमाले येते का आजी?" मी घाईनं विचारलं.

"शिवेच्या पूजेले बायाइले नेत नाई, बाई. कानावर पडलं तेवढं पडलं. याले इचार, हा तं माणूस आहे. तू काऊन नाई शिकला रे दिन्या?"

"दरसाली मिरची तोडाले तेलंगणात जातो ना आम्ही," दिनेशभाऊ खाली बघत म्हणाले. "म्हटलं, आजा आहे ना."

मग कलाबाईनं चिंचा बाजूला सारल्या आणि आठवायला बसली. मोहाला जायची वाट, सात्या अळिंब्या निघतात ते वारूळ, बाळंतिणीसाठी साल आणायची ते झाड. दिनेशभाऊ लिहीत गेले. नाल्यापर्यंत बरोबर आलं. "नाल्याच्या पल्याड आमी बाया कधी गेलोच नाई," ती म्हणाली आणि थांबली.

"कार्यक्रम लाव बाई," दिनेशभाऊ म्हणाले. "स्वतःचा आवाज ऐकून काही निघालं तं निघालं."

मी फोन आजांच्या उशाशी ठेवला. त्यांचाच धडधाकट आवाज अंगणात बोलू लागला. बांबूचं साल आलं. मग मी जिथं दोन टोकं जोडली होती ती जागा आली. फोनमधले आजा तसेच पुढं मताच्या कागदाची गोष्ट सांगत राहिले, हसले. खाटेवरच्या आजांचा डावा हात मात्र उचलला गेला. हवेत एका जागेवरून दुसऱ्या जागी, तिथून तिसऱ्या जागी सावकाश सरकू लागला. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. नुसता श्वास.

त्यांना जोड कळला होता. हात बराच वेळ फिरत राहिला. दिनेशभाऊ पेन टेकवून वाट पाहत बसले, पण लिहिणार काय?

हात खाली आला तेव्हा कलाबाईनं तो आपल्या मांडीवर घेतला.

"पण मिटवलं कायले वो बाई?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"फोन भरला होता, आजी. दुसरं काही घेतच नव्हता. हिचेच व्हिडिओ होते सारे. रांगतानाचे, पहिलं पाऊल टाकतानाचे. म्हटलं, कार्यक्रम तर झाला आता, तेच पुसू..."

कलाबाईनं गुड्डीकडं पाहिलं. चिंचेचं एक गोड बोटूक निवडून तिच्या हातात दिलं.

गुड्डीनं चिंच तोंडात घातली नाही. खाटेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"अम्मी, मी तं आहो ना इथी. मग माझे काऊन नाई पुसले?"