निघून जाण्याचं काम

“सरळ जा. वळून बघू नकोस,” ओढ्याकाठी पक्ष्यांच्या फोटोंसाठी उभारलेल्या आडोशाचं गोणपाट वर धरत निवृत्त ओव्हरसियरांनी बायकोला बजावलं. सलग अकरावा दिवस होता, आणि सूचनाही अकराव्यांदाच.

युक्ती साधी होती. आडोशात दोघांनी शिरायचं आणि एकानं निघून जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. माणूस गेला म्हणजे आडोसा रिकामा, असं समजून तो समोर रोवलेल्या काठीवर बिनधास्त येऊन बसतो. निघून जाण्याचं काम अर्थातच बायकोकडे होतं. पहिल्या दिवशी खंड्या खरंच आला, चोचीत मासा घेऊन, आणि नेमका तेव्हाच ओव्हरसियरांना खोकला आला. त्यानंतर खंड्यानं काठीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. प्रदर्शनासाठी फोटो द्यायची मुदत उद्या संपत होती. ओव्हरसियरांनी ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत फ्रेमसाठी खिळासुद्धा ठोकून झाला होता.

बायको जागची हलली नाही.

“आज तुम्ही जा. मी बसते. नुसतं बटण तर दाबायचंय.”

“नुसतं?”

पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा, यावर त्यांनी कुजबुजत दहा मिनिटं व्याख्यान दिलं, त्यात सहा वेळा खोकले, आणि शेवटी हिरमुसून स्वतःच बाहेर पडले.

ओढ्याच्या वळणापलीकडे एक सपाट दगड होता. त्यावर घरातली हरवलेली उशी होती. ओव्हरसियर तिच्यावर टेकतात न टेकतात तोच खंड्या चार हातांवरच्या फांदीवर येऊन बसला. मासा आपटला, गिळला, सावकाश पिसं साफ केली. ओव्हरसियरांना खोकला आला. खंड्या ढिम्म हलला नाही. त्यांचा हात छातीवर गेला. तिथे कॅमेरा नव्हता.

ते धापा टाकत परत आले.

“आला होता?” बायकोनं विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“रोज येतो.”

“अगं, मग सांगायचं नाही का! मी इथे अकरा दिवस काठीचे फोटो काढतोय!”

“सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी हा आडोसा तिथे आला असता.” ती लेन्सला टोपण लावू लागली. “मग मी कुठे बसले असते? पण आज तुमचं तोंड बघवेना. उद्या हलवा हवं तर.”

ओव्हरसियर कॅमेरा उचलून तिच्या मागोमाग घरी निघाले. नोकरीतसुद्धा असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आडोशात शिरले. आडोसा होता तिथेच होता. बायको त्यांच्याकडे बघत राहिली.

“सरळ जा,” ओव्हरसियर गोणपाट वर धरून म्हणाले. “वळून बघू नकोस.”

ती वळणापर्यंत गेली आणि तिनं वळून बघितलंच. ओव्हरसियर रिकाम्या काठीवर फोकस धरून अकरा वाजेपर्यंत बसले, आणि खोकला आला तेव्हा मनसोक्त खोकले.