गुडघ्यावरून पावाच्या पेटीत

नाक मुरडू नका हो. शेकायची पिशवीच बोलतेय मी. तीच ती, लाल रबराची, तोंडाला बूच असलेली, जिची आठवण माणसाला कंबर धरल्याशिवाय होत नाही. दुखणं थांबलं की मला खिळ्याला उलटं टांगतात आणि खुशाल विसरतात. उलटं लटकून जग कसं दिसतं ते मला विचारा. माणूस खोलीत आला की आधी त्याच्या चपला दिसतात, मग बऱ्याच वेळाने तोंड.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. साच्यात घातलं, तापवलं, दाबलं, आणि झाले मी तयार. मग एका बाईने माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवलं. बुडबुडा आला नाही, म्हणजे पास. माझ्या शेजारच्या दोघी नापास झाल्या. त्यांचं पुढे काय झालं, कुणास ठाऊक.

तिथून मी औषधाच्या दुकानात वरच्या फळीवर आले. शेजारी थर्मामीटर होता. भारी आगाऊ! म्हणायचा, "आम्ही तापाचं निदान करतो, तू नुसतीच तापतेस." मी म्हटलं, राहू दे, तुला काखेत धरतात आणि मला पोटाशी. तेव्हापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला.

मला विकत घेतलं ते बेकरीवाल्यांच्या सुनेनं. दुकानदार म्हणाला, "जपलीत तर वर्षानुवर्षं टिकेल." ती म्हणाली, "जपायचं सोडा, आमच्या सासऱ्यांना ती गुडघ्यावर ठेवायला लावणं हेच मोठं काम आहे." तेवढ्यावरून मी ओळखलं, माणूस हेकट असणार.

आणि तसेच निघाले अप्पा. पुढे बेकरी, मागे दोन खोल्या, असं त्यांचं घर. अप्पांनी सगळं आयुष्य भट्टीसमोर उभ्याने काढलेलं. एके दिवशी गरम ट्रे उचलताना गुडघ्याने दगा दिला आणि अख्खी पावांची रास जमिनीवर आली. तेव्हापासून मुलाने भट्टी हातात घेतली. "अप्पा, आता तुम्ही आराम करा," असं तो म्हणाला. त्या दिवसापासून 'आराम' हा शब्द अप्पांना शिवीसारखा लागतो.

मागच्या खोलीत खुर्चीवर बसून, मला गुडघ्यावर ठेवून, ते तिथूनच ओरडायचे, "पीठ फुगलं का रे?"

"फुगतंय, अप्पा."

"ओल्या फडक्यानं झाकलंयस ना?"

"झाकलंय, अप्पा."

"आणि सारखं उघडून बघू नकोस!"

तिकडून नुसता ट्रेचा खडखडाट यायचा. अप्पा मग माझ्याकडे बघून पुटपुटायचे, "ऐकतोय कोण म्हाताऱ्याचं!" मी तरी काय बोलणार? मी आपली गरम राहायचे.

आता मुद्द्याचं सांगते. बेकरीच्या मागे लाकडं ठेवायची शेड आहे. तिथे एक कुत्री राहायची. चालणं इतकं तोऱ्यात की सगळे तिला बाईसाहेब म्हणायचे. ती मैद्याच्या रिकाम्या पोत्यांवर व्याली. पहिलंच बाळंतपण. मी खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली होते, त्यामुळे सगळं पाहिलं, उलटं का होईना. चार पिल्लांना तिने चाटूनपुसून पोटाशी घेतलं. पाचवं हुंगलं आणि नाकाने बाजूला ढकललं.

सुनेनं ते उचलून परत तिच्या पोटाशी लावलं. बाईसाहेबांनी ते तोंडात धरलं, शेडच्या दाराबाहेर आणलं आणि केरसुणीशेजारी ठेवून दिलं. सुनेनं पुन्हा आत ठेवलं. बाईसाहेबांनी पुन्हा बाहेर. पुढच्या खेपेला मात्र त्या गुरगुरल्या.

"सोड गं," मुलगा म्हणाला. "जनावराला बरोबर कळतं, कुठलं जगणार नाही ते."

तेवढ्यात काठी टेकत अप्पा तिथे पोचले. "मी सातव्या महिन्यात जन्मलो," ते म्हणाले. "तेव्हा घरात तुझ्यासारखा शहाणा कुणी नव्हता, म्हणून आज तुझ्या उरावर बसलोय. आण ते इकडे."

बोटांच्या चिमटीत मावेल एवढं ते पिल्लू. म्हणून तिचं नाव चिमटी. हो, मुलगी होती. डोळे मिटलेले, कान चिकटलेले, आणि आवाज दाराच्या बिजागरीचा.

अप्पांच्या अंगात वारं भरलं. पाव ठेवायची लाकडी पेटी मागवली. मला खिळ्यावरून काढलं. उकळतं पाणी माझ्यात ओतणार, तोच सून धावली. "अप्पा, भाजेल ती!" तिने पाणी बेताचं गरम केलं, मला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि पेटीत आडवं केलं. चिमटी माझ्या अंगावर आली. आजवर माझ्यावर गुडघे आले, कंबरा आल्या, एकदा तर कुणाचं तरी सुजलेलं गालफड आलं. पण हे भलतंच हलकं होतं. मला वाटलं, काही ठेवलंच नाही.

आणि मग अप्पांनी ती गोष्ट केली, जी बेकरीवाल्याशिवाय जगात कुणाला सुचली नसती. त्यांनी एक पांढरं फडकं घेतलं, पाण्यात बुडवलं, घट्ट पिळलं आणि चिमटीवर अलगद पांघरलं.

"असू दे आता. उघडून बघायचं नाही. ऊब मिळाली की आपोआप वर येईल."

अहो, पिठाची रीत ती! पिठाला वरून कोरडेपणा नको, म्हणून ओलं फडकं. पण पिल्लाला? मी खालून जीव तोडून ऊब देत होते आणि ते मेलं फडकं वरून सगळी पिऊन टाकत होतं. चिमटीची वळवळ थांबली. मग कुईकुई थांबली. अप्पा खुर्चीत समाधानाने म्हणाले, "बघ, कसं निजलंय शहाण्यासारखं." मला ओरडावंसं वाटत होतं. पण बूच घट्ट लावलेलं, आणि नसतं लावलं तरी काय, पिशवीचं ऐकतोय कोण!

दूध द्यायला म्हणून सून आली. तिने फडक्याखाली हात घातला आणि तिचा चेहराच उतरला. "अप्पा, ही थंडगार पडलीय हो!"

पुढची गडबड विचारू नका. सगळ्यांत आधी गाडीची किल्ली कुणी उचलली असेल? ज्याने 'सोड गं' म्हटलं होतं, त्यानेच. पाव पोचवायच्या गाडीत पेटी, पेटीत मी, माझ्यावर चिमटी, आणि पेटी मांडीवर घेऊन अप्पा. शेजारी सून.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चिमटीला कोरडं केलं, कोमट कपड्यात धरलं आणि तिचा ताप बघितला. बघते तर काय, थर्मामीटर! दुकानातला नसेल, पण जात तीच. म्हटलं, आता बोल काहीतरी. तर तोही गप्पच. त्याच्यातला आकडा फार खाली होता.

"ओलं फडकं कुणी घातलं?" बाईंनी विचारलं.

अप्पा मान खाली घालून म्हणाले, "पिठाला घालतो आम्ही."

"आजोबा, हे पीठ नाही."

"कळलं," अप्पा म्हणाले. "जगेल का?"

बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. "प्रयत्न करू," म्हणाल्या. "आईने ढकललं तेव्हाही ही बहुधा गारच पडली असेल. पिल्लू गार पडलं की आयांना ते आपलं वाटत नाही." मग त्यांनी सगळं समजावलं. आधी ऊब, मग दूध. थंड पिल्लाला दूध पाजायचं नाही. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून तर मुळीच नाही, पोटावर ठेवूनच, नाहीतर दूध छातीत जातं. दूधही पिल्लांचं वेगळं मिळतं, तेच. आणि पाजून झालं की ओल्या कापसाने तिचं बूड पुसायचं, कारण आईने चाटल्याशिवाय पिल्लाला शीसुद्धा होत नाही.

परतताना अप्पांनी पेटी सुनेच्या मांडीवर सरकवली. "तूच कर हिचं. जन्मभर मला एकच गोष्ट येत होती. तीच करून मी हिला मारत होतो." मी त्यांच्या गुडघ्यावर किती हिवाळे काढले, पण असं कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

गाडी चालवता चालवता मुलगा म्हणाला, "अप्पा, मी पहिल्यांदा भट्टी लावली तेव्हा काय झालं होतं?"

"सगळे पाव कोळसा केलेस."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

उत्तरही त्यानेच दिलं.

"उद्या लवकर ये, म्हणालात. 'घरी बस' असं नाही म्हणालात. मग आता तुम्ही का घरी बसताय?"

अप्पांनी नाक शिंकरलं, सुनेच्या मांडीवरून पेटी ओढून घेतली आणि म्हणाले, "गाडी नीट चालव. ती निजलीय."

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ड्रॉपरने दूध, मग कापूस, मग मला नवं पाणी, की पुन्हा दूध. बेकरीत तसंही कुणी ना कुणी कायम जागं, त्यामुळे पाळ्या लागल्या. अप्पांच्या जाड, भाजलेल्या हातांतून आधी दूध भलतीकडेच सांडायचं. मग त्यांना लय सापडली. एकेक थेंब, आणि मध्ये थांबून "हं, गिळ बाई, घाई नाही." चिमटीला पहिल्यांदा शी झाली तेव्हा अप्पांनी बेकरीत जाऊन ती बातमी दिली. गिऱ्हाईक उभं होतं. मुलाने कपाळाला हात लावला. "अप्पा, ही बेकरी आहे की बाळंतिणीची खोली?"

पण त्याचंही मला सगळं ठाऊक आहे. कुणी नाही असं बघून तो पेटीपाशी यायचा, बोटाने तिचं कपाळ खाजवायचा आणि म्हणायचा, "काय गं चिमटे, आज पोट टम्म?" सून मागून म्हणायची, "अहो, 'सोड गं' म्हणणारे साहेब बदलले वाटतं?" की हा पीठ चाळायला पसार.

आणि मी? काय सांगू! भूक लागली की चिमटी माझ्या अंगावर तोंड घासायची, माझा कोपरा शोधून चोखत बसायची. वेडी कुठली! रबराला का दूध येतं? त्या वेळी मला माझीच लाज वाटायची. पण पोट भरल्यावरसुद्धा ती तो कोपरा सोडेना. तेव्हा मला कळलं, तिला दूधच पाहिजे असं नाही. मग मीही ऐटीत पडून राहायला लागले.

चिमटीचे डोळे उघडल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता भावंडांत सोडून बघा, कुत्र्याने कुत्र्यांत वाढावं. अप्पांना मनातून नको होतं, पण घेऊन गेले. बाईसाहेबांनी तिला हुंगलं. अंगाला वास रबराचा आणि पावाचा. त्यांनी एकदा तिचा कान चाटला आणि तोंड फिरवून झोपून गेल्या. ना राग, ना माया. भावंडांनी मात्र तिला गराडा घातला, कान ओढले, लोळवलं. रोज दिवसभर ती त्यांच्यात धुडगूस घालायची आणि दमली की पडत धडपडत पेटीत यायची. माझ्याकडे.

मग तिला दात आले. लहान पिल्लाचे दात म्हणजे नुसत्या सुया. प्रेम उतू गेलं की चावायचं, हे तिचं ठरलेलं. एका संध्याकाळी अप्पा तिला आणि मला मांडीवर घेऊन बसले होते. तिने लाडात येऊन माझा तोच कोपरा धरला, डोकं झटकलं, आणि कोमट पाण्याची धार थेट अप्पांच्या धोतरावर! अप्पा काठी न घेता ताडकन उभे राहिले. सून ओरडली, "अगंबाई, उठलात की!" अप्पांनी स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचाच होता, आणि पोट धरधरून हसले.

माझी मात्र कारकीर्द संपली. ठिगळ लावून बघितलं, धरलं नाही. नवी पिशवी आली, निळी. गुडघा आता तिच्याकडे असतो, तोही रात्रीपुरता, कारण दिवसा अप्पा बेकरीत बसतात आणि गिऱ्हाइकांना पाव बांधून देतात. पीठ फुगलं का, हे ओरडून विचारावं लागत नाही. समोर दिसतंच.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आपल्या घरातली पिशवी कुठे लटकत असेल ती खाली काढा, तिच्यातलं पाणी झटका, बूच उघडं ठेवून वाळवा. कुणाच्या कधी कामी येईल, सांगता येत नाही. आता कालपरवाचं सांगते आणि तुमची रजा घेते.

कचऱ्याची गाडी यायची वेळ झाली होती. मुलाने मला बादलीत टाकलं. त्याची चूक नाही, भोक पडलेली पिशवी कोण ठेवतं! मी मनाची तयारी केली. तेवढ्यात बादली आडवी झाली. चिमटीने मला मानेला धरलं आणि अख्ख्या बेकरीतून, सांडलेल्या पिठातून, गिऱ्हाइकांच्या पायांमधून ओढत आणलं.

"सोड, चिमटे! घाण आहे ती!" मुलगा मागे धावला. चिमटी माझ्यावर आडवी पडली आणि त्याच्यावर गुरगुरली. ज्याच्या हातून दूध प्यायली त्याच्यावर! तो थबकला.

पाव घ्यायला आलेली एक बाई हसत म्हणाली, "अहो, एवढं काय धरलंय तिने?"

अप्पा पुडी बांधत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "आई आहे तिची."

ती बाई हसायची थांबली. मुलाने रिकामी बादली उचलली आणि तो आत निघून गेला. त्या बाईने पाव घेतले, आणि जाताना माझ्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेली.