बटाट्यावरचा काळा डाग

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शुद्धीगुरूंनी बाजारातला बटाटा चिरला, बाटलीतला एक थेंब टाकला आणि फोड काळीनिळी पडली. "पाहिलंत? जनुकं बदललेलं अन्न! विष!" मग तसाच थेंब ते औषध म्हणून विकत त्या पांढऱ्या पुडीवर. पूड काही काळी पडली नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

महिन्यापूर्वी इथंच माझी ताई बसली होती. लहानपणापासून इन्सुलिनवर जगलेली. "तुमचं इन्सुलिनही जनुकं बदललेले जंतूच बनवतात," गुरूंनी तिला सांगितलं. तेवढं खरं होतं. "म्हणून ते विष" ही मात्र शुद्ध थाप. तिनं सुया बंद केल्या, पूड सुरू केली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"अरे, तू शाळेत विज्ञान शिकवतोस ना? गुरूंची पूड इतकी गोड कशी रे?"

"ताई, पेपर तपासतोय गं. रविवारी बोलू."

सुया बंद केल्याचं ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. रविवारी ताई नव्हती.

आज मी व्यासपीठावर चढलो. "गुरुजी, याच्यावरही थेंब टाका. माझ्या ताईच्या टोपलीत उरलेला बटाटा आहे. तुमच्याच दुकानातला. हे बघा लेबल, 'शंभर टक्के शुद्ध'."

गुरू गडबडले. "शंकेखोर माणूस जवळ असला की थेंब फितूर होतो!"

"शंका मला आली, बटाट्यानं काय घोडं मारलंय?"

लोक हसले. त्यांच्याच बाटलीतला थेंब मीच टाकला. फोड काळी ठिक्कर.

"हे आयोडीन आहे," मी म्हणालो. "पिष्ट असलेला कुठलाही पदार्थ यानं काळानिळा होतो. जनुकांचा इथं काही संबंध नाही. पूड काळी पडत नाही, कारण ती पिठीसाखर आहे. चाखून बघा. माझ्या मधुमेही ताईला इन्सुलिनऐवजी हीच दिली होती."

पुढच्या रांगेतल्या आजींनी चिमूटभर जिभेवर ठेवली. "अगंबाई, साखरच की! आणि ही मधुमेहाच्या पोरीला दिलीत?"

त्या दिवशी तपासत होतो त्या पेपरांत प्रश्न होता, पिष्टाची चाचणी कशी कराल?

जनुकं बदललेल्या पिकांबद्दल शंका जरूर घ्या. काय बदललं, कुणी तपासलं, परवानगी कशावरून दिली, पाकिटावर लिहिलंय का, सगळं विचारा. नियम ढिले वाटले तर भांडा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि तुम्हाला कुणी असं विचारलं, तर हातातले पेपर खाली ठेवून आधी उत्तर द्या. माझ्या ताईनं विचारलं होतं हो.