जिनापाशी बस थांबते

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. जळगावात कापसाच्या जिनासमोर, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यासमोर, लोखंडी खांबावर मी उभा आहे. १९५४ साली पिंपाचा पत्रा कापून मला घडवले. मगन पेंटरने तांबड्या रंगावर पांढरी अक्षरे काढली : 'बस येथे थांबेल'.

माझ्याआधी बस कुठेही थांबे. कोणी दारातून हात केला की थांबे. त्यात कापसाच्या बैलगाड्या रस्ताभर पसरलेल्या! तीन मैलांना तास लागे आणि स्टेशनावरून भुसावळची गाडी सुटून जाई. अशीच ताईबाई नावाच्या मुलीची भुसावळला असलेली सातवीची परीक्षा हुकली. बसमध्ये तिला रडताना पाहून कंडक्टर शालिग्रामभाऊंच्या मनाला फार लागले. त्यांनी आठवडाभर टिपून ठेवले. बस वाटेत एकोणीस वेळा थांबत होती! डेपोच्या साहेबांना गळ घालून त्यांनी चारच थांबे मंजूर करून घेतले. गाडीवानांनाही हात जोडून रस्त्याच्या एका कडेने चालायला लावले.

मला पाहून लोक चिडले. पुढच्या वर्षी परीक्षेच्या सकाळी ताईबाईची आई मंजुळाबाई लेकीला घेऊन आपल्या दारातच उभी राहिली. तिने हात केला, पण बस पुढे निघून माझ्यापाशी थांबली. दोघी धावत आल्या.

"मन्हा दारसे थांबाले तुले काय व्हस रे?" मंजुळाबाई कडाडली.

"अक्का, बठ्ठास्ना दारसे थांबनूत ते गाडी कशी सापडी?" रस्त्यावरच्या सगळ्या दारांकडे हात दाखवत शालिग्रामभाऊ म्हणाले आणि त्यांनी घंटी दिली.

बस दिसेनाशी झाली. माझा जीव दिवसभर टांगणीला लागला होता. संध्याकाळी मंजुळाबाई माझ्यापाशीच उतरली.

"भाऊ, गाडी येवाले येळ व्हता. मन्ही पोरनी पेपर लिखा!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली.

ताईबाई पास झाली. पुढे ती पाचोऱ्याला मास्तरीण झाली. मला ना चाके, ना इंजिन. तरी बस वेळेवर धावते त्यात माझा वाटा आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

अलीकडे माझ्यावर तमाशाच्या जाहिराती चिकटवतात. मित्रांनो, माझी अक्षरे झाकू नका. ऊन असो, धूळ असो, मी जागचा हलणार नाही. तुम्ही तेवढी चार पावले चालून या.