ढालवाल्याचा वैद्य

तक्त्यातला तो रकाना सोमवारी रिकामा होता, मंगळवारी रिकामा होता, आणि बुधवारी नोलीनने शाळेच्या ऑफिसातून घरी येऊन, अंगातला कोटही न काढता पाहिलं, तेव्हाही रिकामाच होता.

तक्ता त्यांच्या ऑनलाइन खेळातल्या टोळीचा होता. येत्या शनिवारी खेळाचं नवं कोरं जग उघडणार होतं. चौदा वर्षं कमावलेलं सगळं जुन्या जगात सोडायचं आणि नव्यात पहिल्या पायरीपासून, अंगावरच्या कपड्यांनिशी सुरुवात करायची. आत शिरताना ज्याने त्याने आपला पेशा निवडायचा : योद्धा, वैद्य, धनुर्धर, जादूगार, चोर. गुहेत एका वेळी पाचच जण जाऊ शकत. ढालवाला योद्धा पुढे उभा राहून मार खाणार, वैद्य मागून मंत्र टाकून त्याचा जीव भरून काढणार, आणि उरलेले तिघे राक्षसाला बडवणार. सगळ्यांनीच ढाली घेतल्या तर मारायचं कुणी? म्हणून टोळीचा म्होरक्या, ब्लफ बंदरातला कॉल्विन, आठवडाभर आधी तक्ता मांडून ठेवी. जन्मभर कालवांच्या बोटीवर काढलेला माणूस. त्याला सगळं आधी ठरलेलं लागे. त्या तक्त्यात ढालवाल्यापुढे एक जादा रकाना असे : ‘वैद्य कोण?’ तो फक्त ढालवाल्याने भरायचा. "ज्याचा जीव जायचाय, त्यानंच ठरवावं तो कुणाच्या हाती द्यायचा," असं कॉल्विन म्हणे, आणि त्यावर कुणाचं काही चालत नसे.

ढालवाला होता रॉस, म्हणजे नोलीनचा नवरा, एकतीस वर्षांच्या संसारातला. आणि चौदा वर्षं त्याची वैद्य होती नोलीन. हा रकाना असतो हे तिला ठाऊक होतं, पण आजवर तिने त्यात कधी डोकावूनही पाहिलं नव्हतं. कशाला पाहील? या वेळी मात्र ती दिवसातून सहादा डोकावत होती, कारण या वेळी टेगन होती.

टेगन टिमारूची, सव्वीस वर्षांची, जनावरांच्या दवाखान्यात कामाला. जूनमध्ये नोलीनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना तिला खुर्चीत बसता येईना, तेव्हा कॉल्विनने हिला ‘तात्पुरती’ म्हणून आणली. खुबा बरा झाला, नोलीन काठी टाकून परत आली, पण तात्पुरती काही गेली नाही. आज ही, उद्या ती, असं चाललं होतं. पाहुणी म्हणून आलेली स्वयंपाकघरातले डबे कुठे काय ते सांगू लागली, की घरच्या बाईला जसं होतं, तसं नोलीनला होत होतं.

त्यातून ते आकडे. प्रत्येक गुहेनंतर खेळ दाखवी, कुणाचे किती मंत्र लागू पडले आणि किती वाया गेले. टेगनचे शंभरात नऊ वाया. नोलीनचे शेहेचाळीस.

"पोरगी काटेकोर आहे हां," कॉल्विन म्हणाला होता. हे म्हणायला त्याला कुणी सांगितलं होतं?

यात नोलीनचा दोष होता असंही नाही. पूर्वी खेळाची यंत्रं अमेरिकेत होती. इथे, इन्व्हरकार्गिलच्या घरात बटण दाबलं की मंत्र समुद्र ओलांडून पोचेपर्यंत तिकडे ढालवाल्याचा मुडदा पडलेला असे. मग नोलीन घाव पडायच्या आधीच बटण दाबायला शिकली. राक्षसाने खांदा उचलला की तिचं बोट खाली जाई, आणि मंत्र व घाव बरोबर एका क्षणी रॉसपाशी पोचत. देशाच्या उत्तरेतल्या भल्याभल्यांना हे जमत नसे. मग गेल्या मार्चमध्ये यंत्रं सिडनीला आली, आणि दाबलं की लागलं असं सुरू झालं. नोलीनचं बोट मात्र अमेरिकेच्याच वेळेवर राहिलं. तिचा मंत्र आता आधीच पोचे, रॉस धडधाकट असे, आणि मंत्र वाया जाई. चौदा वर्षांची कला एका रात्रीत उधळपट्टी ठरली.

रॉस आणि ती शेजारशेजारच्या खोल्यांत बसून खेळत. मधली भिंत पातळ होती. त्यामुळे रॉस हसला की ते हसू तिला आधी भिंतीतून ऐकू येई आणि मग हेडफोनमधून. टेगनच्या विनोदावर तो हसे, तेही तिला दोनदा ऐकावं लागे. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात जन्म गेलेला हा माणूस, घरात दिवसाला दहा वाक्यं बोलला तरी खूप. टेगनने एकदा त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं तेव्हा मात्र म्हणाला, "व्वा पोरी, झकास!" झकास? नोलीनने त्याला चौदा वर्षांत हजारदा वाचवलं असेल. ‘झकास’ हा शब्द त्याला येतो, हेच तिला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी संध्याकाळी सगळे बोलायला जमले. कॉल्विन, टेगन, रिव्हर्टनचा गोठेवाला जादूगार डग्लस, आणि भिंतीच्या दोन बाजूंना हे दोघे.

"रॉस, गड्या, तुझा रकाना राहिलाय," कॉल्विन म्हणाला.

"हं," रॉस म्हणाला. त्याच्या तोंडात चीज रोल होता. तो तिनेच भाजून दिला होता. "बघतो."

बघतो! नोलीनच्या अंगाचा तिळपापड झाला. शनिवारी चारचौघांत याने ‘टेगन’ म्हणायचं आणि आपण ‘हो का, छान’ म्हणायचं? त्यापेक्षा आपणच उठून जावं.

"माझ्यामुळे कुणाचं अडायला नको," ती म्हणाली. "मी या खेपेला वैद्य होणारच नाही. चौदा वर्षं लोकांची दुखणी काढली, पुरे झालं. मी चोर होणार."

"चोर?" कॉल्विन म्हणाला. "तू?"

"का? फक्त तरण्याताठ्यांनीच खंजीर चालवायचे असा कायदा आहे का?"

"अगं नोलीन, माझ्यासाठी नको हं सोडूस," टेगन म्हणाली. "मला कुठलंही चालेल, खरंच."

"तुझ्यासाठी? तू कशाला मध्ये येतेस बाई, तुझा काय संबंध," नोलीन इतक्या गोड आवाजात म्हणाली की डग्लस घसा खाकरून गाई बघायला निघून गेला.

आता रॉसने काहीतरी म्हणावं म्हणून ती थांबली. ‘वेडी आहेस का’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. भिंतीतून खुर्ची करकरली.

"बरं," रॉस म्हणाला. ते ‘बरं’सुद्धा तिला दोनदा ऐकावं लागलं.

रात्री भांडी विसळताना तिने पुन्हा एकदा खडा टाकून पाहिला. "टेगन खूश असेल आता."

"असेल," रॉस म्हणाला.

"तिचे आकडे चांगले आहेत."

"हो का? मी बघत नाही आकडे."

"मग काय बघतोस?"

"राक्षस," रॉस म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेला. नोलीनने पातेलं इतक्या जोरात घासलं की त्याचा मुलामा निघाला.

शनिवारी सकाळी दहाला जग उघडलं. पडद्यावर पाच पेशे ओळीने उभे होते. वैद्यबाई पांढऱ्या झग्यात, दोन्ही हात पुढे करून. नोलीनने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे पाहिलं, पण पटकन पुढे सरकली. शेवटी चोर होती. सडपातळ, कंबरेला दोन खंजीर, खुब्याचं ऑपरेशन जन्मात न झालेली. नोलीनने तिला लाल केस दिले, धारदार नाक दिलं, आणि नाव ठेवलं वेका. वेका म्हणजे इकडचा एक पक्षी, तो अंगणात येऊन चमच्यांपासून मोज्यांपर्यंत काहीही पळवतो. निवड पक्की करायचं बटण दाबताना तिला वाटलं होतं, सुडाचं काहीतरी समाधान मिळेल. पण मिळाले ते फक्त दोन खंजीर.

रविवारी दुपारपर्यंत सगळे बाराव्या पायरीवर आले आणि पहिल्या गुहेच्या तोंडाशी उभे राहिले. रॉस पुढे, मागे टेगन. तिने वैद्यबाईला पांढरा झगा अगदी तसाच ठेवला होता. जिथे नोलीन उभी राहायची, डावीकडे, दोन पावलं मागे, तिथेच टेगन उभी होती. नोलीनला ते बघवेना. तिने वेकाला अंधारात लपवलं. चोराला तेवढी तरी सोय असते.

रॉस पहिल्या राक्षसावर धावला, राक्षस पडला. लगेच दुसऱ्यावर धावला आणि स्वतःच पडला.

"सॉरी, सॉरी, माझीच चूक," टेगन म्हणाली.

परत आत गेले. पहिला पडला, रॉस न थांबता दुसऱ्यावर, आणि धपकन मेला. तिसऱ्यांदाही तेच. जुन्या जगात अलीकडे त्याचं चिलखत इतकं जाड झालं होतं की कुणी मागे असो-नसो, तो तगून जाई. इथे अंगावर एक चामड्याची बंडी.

नोलीनला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. नवरा तीनदा मेला आणि तिला मनातून गुदगुल्या झाल्या. कुठे गेलं आता ते शंभरात नऊ?

"रॉस, अरे जरा दम धर ना," टेगनचा आवाज रडवेला झाला होता. "तुझा जीव पाव उरलेला असतो आणि तू तसाच पुढे घुसतोस! मंत्र पोचू तरी दे."

"पाव उरलेला असतो?" रॉस म्हणाला. "मला काय माहीत?"

"काय माहीत म्हणजे? पट्टी दिसते ना! जिवाची पट्टी! वर डाव्या कोपऱ्यात!"

"डाव्या कोपऱ्यात माझा रग्बीचा स्कोर असतो."



"तू स्वतःची जिवाची पट्टी काढून टाकलीयस?" कॉल्विनने विचारलं.

"केव्हाच. बारा-तेरा वर्षं झाली असतील. काल पडद्याची जुनीच मांडणी उचलून इकडे लावली."

"अरे, मग आपण मरायला टेकलोय हे तुला कळतं कसं?" टेगन ओरडली.

"मला कशाला कळायला हवं?" रॉस म्हणाला. त्याला हा प्रश्नच समजला नव्हता. "ते नोलीन बघते ना."

नोलीनला हे आधी भिंतीतून ऐकू आलं आणि मग कानात. या वेळी ते दोनदा ऐकायला तिची काही हरकत नव्हती.

"आणि तो रकाना?" तिने विचारलं. "चार दिवस रिकामा का ठेवलास?"

"कुठला?"

"वैद्य कोण!"

"तो? तो मी कधीच भरत नाही."

"खरंय बाई," कॉल्विन म्हणाला. "एकदाही भरला नाही पठ्ठ्यानं. दर वेळी मी आठवण करतो, हा म्हणतो बघतो, आणि शेवटी मीच तुझं नाव घालतो. या वेळी तू चोर झालीस, तेव्हा टेगनचं घातलं."

"पण थांबा, हे सोपं आहे," टेगन म्हणाली. "रॉस, ती पट्टी दोन टिचक्यांत परत येईल. लाव. म्हणजे तुझं तुला कळेल कधी थांबायचं. मग मी नक्की वाचवीन तुला."

नोलीनचं बोट खंजिराच्या बटणावरच राहिलं. पोरीचं बरोबर होतं. पट्टी लावली की रॉसला कुणीही वाचवू शकलं असतं. टेगन, कॉल्विनची बायको, रस्त्यावरून धरून आणलेला कुणीही. भिंतीपलीकडे माऊस एकदा टिचकला. नोलीन दुसऱ्या टिचकीची वाट पाहत राहिली.

"नको," रॉस म्हणाला. "साठाव्या वर्षी आता मी माझ्याच जिवाकडे बघत बसू? मग राक्षसाकडे कोण बघणार?" मग त्याने हेडफोन काढला असावा, कारण पुढचं फक्त भिंतीतून आलं. "म्हातारे! तुला बारा पायऱ्या चढायला किती वेळ लागेल?"

"उद्या माझी शाळा आहे!" ती ओरडली.

"माझी रात्रपाळी आहे. मंगळवारी ये. आम्ही इथेच बसतो."

नोलीनने वेका पुसून टाकली. लाल केस, धारदार नाक, सगळं गेलं. पुन्हा पाच पेशे ओळीने उभे राहिले आणि तिने दोन्ही हात पुढे करून उभ्या असलेल्या बाईवर बोट ठेवलं आणि तसं सगळ्यांना सांगून टाकलं.

"बरं झालं," टेगन म्हणाली, आणि खरंच तिला बरं वाटलेलं दिसत होतं. "चोराची जागा रिकामी झाली. मीच होईन चोर."

चोर तर तू जूनपासूनच आहेस, असं नोलीनच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

"पण नोलीन, एक सांग ना. जो थांबतच नाही, त्याला तू जगवायचीस कशी? काहीतरी युक्ती असेल. शिकव की मला."

युक्ती एका वाक्यात सांगता आली असती. राक्षसाने खांदा उचलला की दाब, घावाची वाट बघू नकोस. पोर हुशार होती, दोन दिवसांत शिकली असती.

"युक्ती कसली," नोलीन म्हणाली. "सवय असते."

मग तिने तक्ता उघडला. टेगनच्या नावापुढचं ‘वैद्य’ पुसून ‘चोर’ केलं, आपल्या नावापुढचं ‘चोर’ पुसून ‘वैद्य’ केलं. रॉसच्या ओळीत ‘वैद्य कोण?’ खाली कॉल्विनने घातलेलं टेगनचं नाव होतं, ते खोडलं. तिथे आपलं नाव लिहायला तिने बोट उचललं, आणि न लिहिता तक्ता मिटला. रकाना रिकामाच राहिला.